यंदा मुंबईचा मामी फिल्म फेस्टिव्हल नाही, पाच सीएल (कॅज्युअल लीव्ह) शिल्लक आहेत, गोव्याच्या इफ्फी फिल्म फेस्टिव्हलला एकटीने जावं का?

मुलुंड_फास्ट:
नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

गणपती गेले की माझ्या डोक्यात मामी सुरू व्हायचं. म्हणजे रजेचा अर्ज, शेड्यूलचा कागद, कुठला शो अंधेरीला कुठला रीगलला, मधे लोकलला किती वेळ लागेल वगैरे. यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीरच करून टाकलं की २०२५ ला फेस्टिव्हल नाही, आता २०२६ ला. वाचल्यावर मला खरंच घरातलं कोणी गावाला निघून गेल्यासारखं वाटलं. कोविडच्या काळात तीन वर्षं झालं नव्हतं तेव्हा जगातलं सगळंच बंद होतं त्यामुळे एवढं लागलं नव्हतं. यंदा सगळं चालू आहे आणि आपलंच नाहीये.

मी बँकेत आहे, फोर्टला. फेस्टिव्हलचं वेड २०१४ पासूनचं. त्या वर्षी मामीचा मोठा प्रायोजक गेला होता, होणार की नाही अशी वेळ आली होती आणि मग लोकांनी अक्षरशः वर्गणी काढून ते उभं केलं. माझी एक कलीग म्हणाली की चल, लोकांनी पैसे घातलेत तर बघून तरी येऊ. आणि तिथे मी 'कोर्ट' बघितला. त्यात सरकारी वकील बाई कोर्ट सुटल्यावर लोकल पकडते, पोराला घेते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. काही घडत नाही त्या सीनमध्ये. पण मी तशीच लोकल पकडून तिथे आले होते आणि तशीच घरी जाऊन कुकर लावणार होते. माझा रोजचा दिवस कोणीतरी इतक्या शांतपणे बघितलाय हे मला तोवर कुठल्याच पिक्चरने दाखवलं नव्हतं. त्यानंतर मी एकही वर्ष सोडलं नाही.

तर प्रश्न असा. पाच सीएल शिल्लक आहेत आणि त्या मी कशासाठीच वापरणार नाहीये, फक्त सिनेमासाठी ठेवल्यात. गोव्याचा इफ्फी २० ते २८ नोव्हेंबर आहे. मी कधीच गेले नाहीये. एकटी गेले तर जमेल का, राहायचं कुठे, रांगांचं काय असतं? का त्यापेक्षा जानेवारीत पुण्याचा पिफ फेस्टिव्हल करू? आणि सिनेमे निवडायचे कसे हेही सांगा, कारण माझं दर वर्षी असं होतं की कॅटलॉगमधला परिच्छेद वाचून जाते आणि तीनातले दोन चुकतात.

मुलगी अकरावीत आहे, सोळा वर्षांची, तिलाही यायचंय. तिला नेता येईल का?

ता. क. यंदा व्हेनिसचा फेस्टिव्हल गणेश चतुर्थीला सुरू झाला आणि अनंत चतुर्दशीला संपला हे कोणाच्या लक्षात आलं का? विसर्जनाच्या रात्री खाली ढोल वाजत होते आणि मी मोबाइलवर निकाल बघत होते, अनुपर्णा रॉयला ओरिझोंटी विभागात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं बक्षीस, तेही मुंबईत राहणाऱ्या दोन बायकांच्या गोष्टीसाठी. मी गॅलरीत उभी राहून एकटीच टाळ्या वाजवल्या.

रांगेतला:
ताई, जा. डोळे मिटून जा. मी सहा वर्षं जातोय, सुरुवातीची दोन एकटाच गेलो होतो. तिथे एकट्याने येणारे इतके असतात की दुसऱ्या दिवसापासून रांगेत ओळखी होतात आणि तिसऱ्या दिवशी लोक तुमच्यासाठी जागा धरतात. एकट्या बायकाही भरपूर असतात, साठीच्या पुढच्यासुद्धा. रात्रीचा शेवटचा शो सुटला तरी पणजीत त्या भागात गर्दी असते.

आधी तारखा बघा कारण तुमच्या पथ्यावर पडणाऱ्या आहेत. २० नोव्हेंबर गुरुवार आहे. तो उद्घाटनाचा दिवस, त्या दिवशी बघण्यासारखं फारसं नसतं. गुरुवारी बँक करा आणि रात्री कोकणकन्या पकडा, तुम्हाला ठाण्याला चढता येईल. शुक्रवारी सकाळी करमळीला उतरा, पणजीला तेच स्टेशन जवळचं. २२ तारीख चौथा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टीच, मग रविवार. शुक्रवार, सोमवार, मंगळवार एवढ्या तीनच सीएल जातात आणि पाच दिवस पूर्ण मिळतात. मंगळवारी रात्रीच्या गाडीने परत. दोन सीएल उरतात, त्या पुण्याला लावा.

आता महत्त्वाचं. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. २० नोव्हेंबरच्या गाडीचं २१ सप्टेंबरला सकाळी आठला उघडेल. त्या दिवशी सर्वपित्री आहे, रविवार आहे, घरात गडबड असेल तर आधीच सांगून ठेवा की आठ ते सव्वाआठ मला कोणी हाक मारायची नाही. कोकणच्या गाड्या किती मिनिटांत भरतात हे गणपतीला आपण सगळे बघतोच.

राहायला पणजीतच घ्या. कळंगुट बागा स्वस्त दिसलं तरी नको, रोज येण्याजाण्यात एक शो जातो. मळा, फोंताईन्हास, आल्तिनो या भागात खोली मिळाली तर सगळं चालत. आयनॉक्स आणि माकीनेझ पॅलेस ही फेस्टिव्हलची थिएटरं एकाच आवारात आहेत, जुन्या मेडिकल कॉलेजच्या, आणि तिथून नदीच्या कडेकडेने कांपालला चालत गेलं की कला अकादमी. पर्वरीच्या स्क्रीनवर शो असेल तर मात्र मांडवी ओलांडून जावं लागतं, मधे चांगला दीड तास हातात ठेवा.

तिकीट असं आहे की डेलिगेट पास काढला की दुसऱ्या दिवशीच्या शोची सीट आदल्या दिवशी अॅपवर बुक करायची. गाजलेले शो बघता बघता भरतात. पण भरलं म्हणून हिरमुसू नका, बुकिंग नसलेल्यांची वेगळी रांग असते आणि बुक करून न येणारे लोक दर शोला असतातच. मी माझे सगळ्यात आवडते तीन सिनेमे त्या रांगेतून घुसून बघितलेत. पाऊण तास आधी उभं राहायचं, पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन. स्वेटर विसरू नका हां, बाहेर घाम आणि आत हिमालय.

आणखी एक, शो उशिरा सुरू झाला तर लोक लगेच ओरडायला लागतात. सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, त्याला कुलूप असतं, आणि त्याची डिजिटल किल्ली त्या ठराविक थिएटरच्या ठराविक मशीनसाठी आणि ठराविक वेळेपुरतीच बनवलेली असते. किल्ली चालली नाही तर प्रोजेक्शनवाला काही करू शकत नाही, सातासमुद्रापार कोणाला तरी उठवून नवीन मागवावी लागते. त्या माणसावर ओरडू नका एवढंच.

मुलीचं दुसरे सांगतीलच, पण बहुतेक नाही.

खटाववाडीकर:
मुलीला नाही नेता येणार. कारण समजून घ्या म्हणजे तिलाही सांगता येईल. फेस्टिव्हलमधल्या बहुतेक परदेशी सिनेमांना आपल्याकडचं सेन्सॉर सर्टिफिकेट नसतं. माहिती आणि प्रसारण मंत्रालय त्यांना त्या फेस्टिव्हलपुरती सूट देतं, आणि ती सूट फक्त नाव नोंदवलेल्या प्रेक्षकांसाठी असते. म्हणून तिकीट खिडकी नाही, पास. आणि म्हणूनच अठराच्या आतल्यांना नाही. दोन वर्षं थांबायला सांगा, मुलगी अकरावीत स्वतःहून मागे लागत्येय ही फार मोठी गोष्ट आहे. तोवर तिला पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातलं सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय दाखवून आणा, गुलशन महल आणि शेजारची नवी इमारत. सोमवारी बंद असतं.

आता थोडं जुनं सांगतो, गोव्याला चालला आहात म्हणून. हा इफ्फी मूळचा आपला मुंबईचा. २४ जानेवारी १९५२ ला पहिला इथेच सुरू झाला, न्यू एम्पायरला, मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. गोव्यात कायमचा गेला तो २००४ पासून. त्या पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्हज' दाखवला गेला होता, आणि आपल्याकडच्या दिग्दर्शकांनी तो बघून कॅमेरा रस्त्यावर आणायचं धाडस केलं असं सगळेच सांगतात. माझे वडील तेव्हा गिरगावात पोरसवदा होते. आयुष्यभर एकच सांगायचे, की सायकल चोरीला गेलेल्या माणसाची भाषा एक अक्षर कळली नाही पण घरी चालत आलो तेव्हा बोलवेना.

सिनेमे निवडायचे कसे याचं माझं उत्तर, चाळीस वर्षांच्या फिल्म सोसायटीच्या सवयीतून. परिच्छेद वाचू नका. कॅटलॉगमधला परिच्छेद सिनेमा विकणाऱ्याने लिहिलेला असतो, त्यात प्रत्येक सिनेमा हृदयस्पर्शीच असतो. तीन गोष्टी बघा. दिग्दर्शकाने आधी काय केलंय, सिनेमा पहिल्यांदा कुठे आणि कुठल्या विभागात दाखवला गेला, आणि कुठल्या देशाचा आहे. परदेशातले मोठे फेस्टिव्हल म्हणजे कान मे महिन्यात, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस आणि टोरंटो सप्टेंबरच्या आगेमागे, म्हणजे नोव्हेंबरात गोव्याला जे येतं ते या सगळ्यांतून गाळून येतं. बर्लिन फेब्रुवारीत, त्यातलंही काही असतं. ज्याला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं त्याच्या मागे जीव टाकून धावू नका, तो आज ना उद्या थेटरात नाहीतर घरी येईलच. ज्याचं नाव कोणालाच नीट उच्चारता येत नाहीये, पहिलाच सिनेमा आहे, ज्या देशातलं आपण काहीच बघितलेलं नाही, त्याला जा. तो पुन्हा तुमच्या वाट्याला यायचा नाही.

आणि दिवसाला तीन. चौथा बघितलात की पहिला पुसला जातो.

मुंबईत राहूनही उपाशी राहायची गरज नाही हेही सांगतो. थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव साधारण जानेवारीत असतो, तो सुधीर नांदगावकरांनी उभा केलेला, आणि प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी तर १९६८ पासून चालू आहे. प्रभातचं सभासद व्हा. फेस्टिव्हल वर्षातून आठ दिवस, सोसायटी बारा महिने. इराणी सिनेमा, पोलिश सिनेमा आम्ही असल्याच खेळांना बघितला, प्रभादेवीला मिनी थिएटरात, आणि नंतर खाली चहावर दोन दोन तास भांडलोय. ज्यांच्याशी भांडलो त्यातले कित्येक आता नाहीत. सिनेमे आठवतात तेव्हा ते लोक आठवतात.

दादर_टीटी:
सगळ्यांबद्दल आदर आहे पण एक विचारतो, रागावू नका. यातले निम्मे सिनेमे चार सहा महिन्यांत ओटीटीवर येतात. प्रवास, खोली, खाणं, पास धरून पाच दिवसांचा खर्च बराच होतो, वर रजा. घरी चांगला टीव्ही आणि एक सबस्क्रिप्शन घेतलं तर वर्षभर बघता येईल. मी दोन वर्षं मुंबईतल्या एका फेस्टिव्हलला गेलो होतो, बुकिंगचं अॅप पहिल्या मिनिटाला अडकायचं, आठ दिवसांत चार सिनेमे मिळाले, त्यातल्या एकात मला सगळ्यात पुढच्या ओळीत मान वर करून बसावं लागलं. तेव्हापासून सोडलं.

मुलुंड_फास्ट:
दादर_टीटी, रागावणार नाही, हा हिशोब मीही केलाय. माझ्याकडेही सबस्क्रिप्शन आहे. पण घरी मी सिनेमा बघते म्हणजे काय करते ते सांगू का? साडेनऊला लावते, दहाला दूधवाल्याचा मेसेज येतो, सव्वादहाला सासूबाईंची गोळी, मधे मुलगी विचारते आई चार्जर कुठे आहे, आणि अकराला मला झोप येते. मग उरलेला परवा. तसा तो सिनेमा चार दिवसांत बघून होतो. तो बघितला असं मला म्हणवत नाही.

थेटरात अंधार झाला की दोन तास मला कोणी हाक मारू शकत नाही. फेस्टिव्हलला इंटरव्हलसुद्धा नसतं. आणि शेजारी जो अनोळखी माणूस असतो ना, तो ज्या ठिकाणी श्वास रोखतो त्याच ठिकाणी मीही रोखलेला असतो, हे मला घरी कोण देणार. २०२४ ला मामीची सुरुवात पायल कपाडियाच्या सिनेमाने झाली, त्यात मुंबईतल्या नर्सेस आहेत, लोकल आहे, पाऊस आहे. तो मी नंतर घरी पुन्हा बघितला. पहिल्यांदा बघताना आजूबाजूची सगळी मुंबईची माणसं एकदम गप्प झाली होती, ते गप्प होणं घरच्या टीव्हीत नव्हतं.

खर्चाचं मात्र बरोबर आहे. मी त्यासाठी एक छोटं आरडी चालवते, बँकवालीच आहे शेवटी.

लघुपटवाली:
माझ्या एका आवडत्या फेस्टिव्हलची आठवण कोणीच काढली नाही म्हणून मधे येते, मिफ! माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनचा आपला मुंबईचा फेस्टिव्हल, १९९० पासून दर दोन वर्षांनी, सम साली. २०२४ ला अठरावा झाला, जूनमध्ये, पेडर रोडलाच. लोक माहितीपट म्हटलं की शाळेत दाखवायचे तसलं काहीतरी समजतात आणि येत नाहीत, त्यामुळे जागा मिळते आणि शो संपल्यावर दिग्दर्शक समोर उभा असतो, त्याला निवांत विचारता येतं की एवढी वर्षं त्या माणसाच्या मागे कॅमेरा घेऊन कसा राहिलास. मला आयुष्यात सिनेमाबद्दल जे काय कळलं ते तिथल्या पायऱ्यांवर बसून. पुढच्या वेळी नक्की.

इफ्फीलाही इंडियन पॅनोरमात, म्हणजे भारतीय सिनेमांच्या विभागात, नॉन फीचर (माहितीपट, लघुपट वगैरे) विभाग असतो, वीस फिल्म्स. त्यातली एक तरी बघा ताई.

नदीकाठची_पुणेकर:
पिफबद्दल मी सांगते. २००२ पासून आहे, डॉ. जब्बार पटेल बघतात, बहुतेक वर्षी जानेवारीत असतो. गोव्याच्या मानाने साधा कारभार, झगमगाट कमी, पास गळ्यात घालायचा आणि रांगेत उभं राहायचं. सकाळच्या शोला स्वेटर मफलर घातलेले आजी आजोबा पहिल्या नंबरला उभे असतात, त्यांच्याकडे पेनाने खुणा केलेलं शेड्यूल असतं, ते विचारा, त्याच्याइतकं चांगलं मार्गदर्शन कुठे नाही मिळणार.

पिफला जायचं खरं कारण माझ्या मते मराठी स्पर्धा विभाग, संत तुकाराम पुरस्कार त्यातलाच. वर्षभरातले सात मराठी सिनेमे परदेशी सिनेमांच्या शेजारी बसून बघता येतात, आणि आपला सिनेमा कुठे उभा आहे ते स्वच्छ दिसतं. काही वर्षी मान खाली जाते आणि काही वर्षी पोरांनी असं काही करून ठेवलेलं असतं की अभिमानाने पोट भरतं. गोव्यातही आपल्या लोकांनी कमी केलेलं नाहीये हां, २०१९ ला उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, २०२१ ला जितेंद्र जोशी सर्वोत्कृष्ट अभिनेता, दोन्ही मराठी सिनेमांसाठी.

आणि फेस्टिव्हलची वाट बघता बघता १९ सप्टेंबरला 'साबर बोंडं' थेटरात येतोय तो सोडू नका. रोहन कानवडेचा, जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला जागतिक विभागातलं मोठं बक्षीस घेऊन आलाय. मुंबईत नोकरी करणारा मुलगा वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकाला गावी जातो, तिथली गोष्ट. असे सिनेमे पहिल्या आठवड्यात आपण गेलो नाही तर दुसऱ्या आठवड्यात सकाळी पावणेदहाचा एक शो उरतो आणि मग आपणच म्हणतो चांगले सिनेमे लागत नाहीत.

दादर_टीटी:
मुलुंड_फास्ट, तुमचं ते चार दिवसांत सिनेमा बघण्याचं वाचून मी परत वर जाऊन माझं वाचलं. माझंही घरी तसंच होतं, फक्त मला झोप साडेदहालाच येते. 'साबर बोंडं' प्लाझाला लागला तर मी जाईन. मेंबरशिपसाठी प्रभातला कुठे विचारायचं ते खटाववाडीकरांनी सांगावं.

खटाववाडीकर:
या ना. शनिवारी गिरगावात चहाला या, फॉर्म मी भरून घेतो. भांडायला नवीन माणूस हवाच होता.

मुलुंड_फास्ट:
अपडेट. आज सकाळी पितरांचा नैवेद्य गॅसवर ठेवून आठला बसले. सासूबाईंनी खीर ढवळायला घेतली आणि म्हणाल्या तू तुझं बघ. जाण्याचं तिकीट कन्फर्म मिळालं, ठाण्याहून, साईड लोअर. परतीचं २६ ला उघडेल. रजेचा अर्ज उद्या टाकते, साहेबांना कारण सिनेमा असंच लिहिणार आहे, या आधी दर वेळी घरगुती काम लिहायचे.

'साबर बोंडं' काल बघितला, मॅटिनीला. आत पंचवीसेक लोक असतील. संपल्यावर दिवे लागले तरी आठ दहा जण नावं संपेपर्यंत बसून होते, त्यात मीही. बाहेर आल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, तुम्ही कुठल्या गावच्या, आणि आम्ही स्टेशनपर्यंत बोलत आलो.

मुलीला अठराचं कारण सांगितलं. तिने कॅलेंडरवर स्वतःच्या अठराव्या वाढदिवसानंतरचा नोव्हेंबर शोधून खूण करून ठेवलीये.

आता रांगेतला, एवढंच सांग, करमळीला सकाळी उतरल्यावर पणजीसाठी बस मिळते का रिक्षाच करावी लागते? आणि शुक्रवारी पहिल्या शोआधी खायला कुठे?

रांगेतला:
बाहेर मेन रोडवर आलात की बस मिळते, सामान असेल तर रिक्षा करा, पण आधी भाडं ठरवून. नाश्त्याला कॅफे भोसले, पाव भाजी आणि मिरची भजी. मी त्याच दिवशी जनशताब्दीने येतोय, म्हणजे दुपारपर्यंत पोचेन. तुम्ही आधी असाल तर दुपारच्या शोच्या रांगेत माझी जागा धरा.